पत्रपेटी : वळणातलं क्रुमलोव्ह

गेल्या अंकात चेस्की क्रुमलोव्हवर दोन पानं लिहिली आणि संपादकांना सांगून बसलो होतो की पुढच्या महिन्यात बारवांवर लिहितो. बारवा राहिल्या. क्रुमलोव्हवरच इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच द्यावा लागतोय. गेला अंक ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीजवळ, हे तेरा हजार वस्तीचं गाव. व्हल्तावा नदी त्याला असा वेढा घालते की मधला चौक जवळजवळ बेटच होतो. जर्मन नाव क्रुमाउ, मूळ अर्थ ‘वाकडं कुरण’. नदीपलीकडच्या खडकावर किल्ला, त्याचा पहिला उल्लेख 1253 सालचा. 1992 पासून गाव युनेस्कोच्या यादीत आहे. माझी मुलगी ब्रनोला नोकरीला होती तेव्हा आम्ही उभयता तिथे दोनदा जाऊन राहिलो, 2014च्या ऑगस्टमध्ये आणि 2022च्या नोव्हेंबरमध्ये. आणि मी इतिहासकार नव्हे. तीस वर्षं जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत घालवलेला अभियंता आहे, तेव्हा माझी नजर राजाकडे कमी आणि गिलाव्याकडे जास्त जाते.

कऱ्हाडच्या एक वाचक भगिनी लिहितात : “एवढं जुनं गाव जसंच्या तसं राहिलं, म्हणजे तिथलं सरकार किती कडक असेल! आपल्याकडे असे नियम का होत नाहीत?”

ताई, नियम कडक आहेतच, पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट उलटी झाली आहे. जुन्या गावाला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला 1963 साली. तोवर सहा-सातशे वर्षं उलटून गेली होती आणि त्या काळात कुणीही ‘वारसा’ म्हणून काही जपत नव्हतं. गाव राहिलं ते मालकांनी वेळोवेळी पाठ फिरवली म्हणून.

1302 ते 1602 अशी तीनशे वर्षं क्रुमलोव्ह रोझेनबर्ग घराण्याकडे होतं. पाच पाकळ्यांचा गुलाब हे त्यांचं चिन्ह, आजही गावात जिथे तिथे दिसतं. त्यांच्यातल्या विलेम नावाच्या सरदारानं सोळाव्या शतकात जुन्या गढीचा महाल केला. धन्याचं बघून चौकातल्या व्यापाऱ्यांनीही आपल्या घरांना नवे, इटालियन धर्तीचे दर्शनी भाग चढवले. मात्र मागचं घर तेच ठेवलं. म्हणून आज दारातून आत शिरलात की आधी सोळावं शतक लागतं आणि तळघरात उतरलात की चौदावं. विलेमचा भाऊ पेटर वोक हा घराण्यातला शेवटचा. मूलबाळ नाही आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. त्यानं 1602 मध्ये सगळं सम्राट रुडॉल्फ दुसरा याला विकून टाकलं. पुढे 1622 मध्ये एगेनबर्ग घराणं आलं, 1719 मध्ये श्वार्झेनबर्ग.

श्वार्झेनबर्गांनी अठराव्या शतकात इथे हौस केली. 1748 मध्ये मुखवट्यांच्या नाचाचं दालन रंगवून घेतलं. लेडरर नावाच्या त्या चित्रकारानं भिंतीवरच्या गर्दीत स्वतःला कॉफी पिताना रंगवलंय, ते जरूर शोधा. मग 1766 मध्ये लाकडी यंत्रांचं नाट्यगृह झालं. एकोणिसाव्या शतकात मात्र त्यांचं मन उत्तरेकडच्या ह्लुबोका इथल्या वाड्यावर बसलं. तो त्यांनी इंग्लंडच्या विंडसरसारखा नव्यानं बांधला आणि पैसा तिकडे वाहू लागला. क्रुमलोव्हच्या नाट्यगृहात गॅस, वीज, नवे पडदे असं काही करावंसं कुणाला वाटलं नाही. म्हणून मंचाखालचा लाकडी रूळ, दोर, कप्प्या, रंगवलेले पडदे, नटांचे कपडे, सगळं शिल्लक! खाली माणसांनी एक रूळ फिरवला की दोन्ही बाजूंच्या सगळ्या चौकटी एकदम सरकतात आणि महालाचं जंगल होतं. पाऊस आणि गडगडाट काढायची यंत्रंही आहेत. जगात याच्या तोडीचं जुनं नाट्यगृह म्हणून स्वीडनमधल्या ड्रॉटनिंगहोमचंच नाव घेतात. मी मंचाखालचं ते लाकूडकाम बघत इतका वेळ उभा राहिलो की वाटाड्या मुलीला मला बाहेर काढावं लागलं.

दुसरं कारण रेल्वे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती आली, पण गावाच्या वर, टेकडीच्या अंगाला. मोठी कागद गिरणी निघाली तीही नदीच्या वरच्या अंगाला, गावाबाहेर काही किलोमीटरवर. धूर, मजूर, चाळी, सगळं तिकडे. जुन्या गावात पाडापाडी करायला कुणी आलंच नाही.

तिसरं कारण सांगायला जड जातं. हे गाव बहुतांशी जर्मन भाषिकांचं होतं. 1938 मध्ये हिटलरनं हा पट्टा गिळला आणि युद्धानंतर, 1945-46 मध्ये, जर्मनांना देशाबाहेर घालवलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या जी माणसं त्या घरांत राहिली ती हातात मावेल तेवढं सामान घेऊन निघाली. 1947 मध्ये किल्लाही श्वार्झेनबर्गांकडून गेला. रिकाम्या घरांत दुसरीकडून आणलेली माणसं राहिली, पण ती घरं त्यांची नव्हती. साम्यवादी राजवटीत दुरुस्तीला पैसा नव्हता आणि जुनी इमारत पाडायलासुद्धा पैसा लागतोच, तोही नव्हता. त्या काळचे फोटो तिथे पाहिले : गिलावा पडलेला, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. कौलं मात्र बरीचशी जागेवर होती आणि आम्हा दुरुस्तीवाल्यांना तेवढं पुरतं. छप्पर टिकलं की घर टिकतं. 1989 मध्ये ती राजवट गेल्यावर पैसा आला तेव्हा दुरुस्त करण्याजोगं सगळं अजून उभं होतं.

तेव्हा ताई, नियम हवेतच, पण निव्वळ नियमांनी क्रुमलोव्ह घडलं असं समजू नका.

नाशिकचा एक स्थापत्याचा विद्यार्थी विचारतो : “फोटोत महालाच्या भिंतीवर घडीव दगड दिसतात. झूम केल्यावर ते सपाट वाटतात. खरे की रंगवलेले?”

शाबास, बरोबर पकडलंस. दगड नाहीत, चुना आहे. काही ठिकाणी ओल्या चुन्यावर रंगकाम केलंय आणि सावल्या अशा टाकल्यात की दहा पावलांवरून कोनाड्यात पुतळा उभा आहे असं वाटतं. जवळ जावं तर कोनाडाही नाही आणि पुतळाही नाही! काही ठिकाणी दुसरी रीत आहे, तिला स्ग्राफितो म्हणतात. आधी कोळशाची भुकटी घालून काळपट केलेला चुन्याचा थर द्यायचा. त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ थर. तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं नक्षी खरवडायची, म्हणजे खालचा काळा वर येतो. रंग उडायचा प्रश्नच नाही, कारण रंग थरातच आहे. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो, हे तुला पुस्तकात भेटलं असेलच.

पुस्तकात न भेटणारी गोष्ट माझ्याकडून ऐक. मी नोकरीत नवा असताना एका नदीकाठच्या वाड्याचं काम माझ्याकडे आलं. भिंत ओल धरत होती. मी तरुण, सिमेंटवर फार विश्वास. जुना चुन्याचा गिलावा उखडून जोत्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत छान सिमेंटचा गिलावा करून दिला. वाड्याचे मालक खूश. म्हातारा गवंडी तेवढा काही बोलला नाही, थापी धुऊन निघून गेला. तिसऱ्या पावसाळ्यात ओल सिमेंटच्या वर चढली आणि लाकडी तुळईच्या टोकाशी पोचली. चुन्यातून भिंतीतलं पाणी बाहेर पडत होतं, मी ती वाटच बुजवली होती. तुळई आतून कुजली आणि गिलावा सुटला तो विटांचे तोंडवळे घेऊन. पुढे जिथे गेलो तिथे आधी त्या गवंड्यासारखं कुणी सापडतं का ते पाहिलं.

क्रुमलोव्हला 2022 मध्ये एका गल्लीत परांची बांधलेली दिसली. वर दोन पोरं जाड ब्रशनं चुना देत होती, बोटभरही घाई नाही. भाषा येत नव्हती म्हणून मी खालून बादलीकडे बोट दाखवून “कॅल्शियम?” असं विचारलं. एक जण हसला आणि म्हणाला, “वाप्नो.” चेकमध्ये चुन्याला वाप्नो म्हणतात हे आमच्या मुलीनं रात्री सांगितलं. मला तेव्हाच कळलं होतं.

डोंबिवलीचे एक आजोबा : “आम्ही दोघं पासष्टीचे, गुडघे बेताचे, शाकाहारी. प्रागहून एका दिवसात होईल का? आणि खायचं काय?”

प्रागहून बसनं तीन तासांच्या आसपास लागतात, पण एका दिवसाचं करू नका. मुक्कामच करा. दिवसाची मंडळी सकाळी दहाला येतात, चारपर्यंत निघतात. गाव त्याआधी आणि त्यानंतर बघायचं असतं. रेल्वेनं गेलात तर स्टेशन वर आणि गाव खाली, येताना चढ लागेल. रस्ते गोट्या-दगडांचे आहेत, चाकाची बॅग खडखडते आणि तळवे दुखतात, तेव्हा जाड तळाचे बूट घाला. किल्ल्याच्या रंगीत बुरुजाला 162 पायऱ्या आहेत. बायकोनं खालीच बाकावर बसून खंदकातली अस्वलं पाहिली, मी वर गेलो. खरं सांगायचं तर नदीचं वळण मला किल्ल्यातल्या कमानीखालूनच जास्त नीट दिसलं. जायचं तर मे ते ऑक्टोबर, त्यानंतर नाट्यगृह बंद असतं. नोव्हेंबरात आम्हाला दारावरूनच परतावं लागलं.

खाण्याचं म्हणाल तर ‘ब्रांबोराक’ मागा. किसलेल्या बटाट्याचं, लसूण आणि मार्जोरम ही सुगंधी पानं घातलेलं तळलेलं थालीपीठ, पण त्यात पीठ आणि बहुधा अंडंही असतं, तेव्हा आधी विचारून घ्या. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चीज. एकदा खा, रोज नको. फळं भरलेले उकडलेले गोळे मिळतात, वरून लोणी आणि साखर. अळूबुखार किंवा जर्दाळू भरलेला मिळाला तर सोडू नका. ‘कुलायदा’ नावाचं मशरूम, बटाटा आणि शेपूचं आंबट सार या भागाचं खास, पण त्यात अंडं असतं आणि पाणी मांसाचं आहे का ते विचारून घ्या. चौकात लोखंडी दांड्यावर गुंडाळून भाजलेला गोड पाव ‘प्राचीन बोहेमियन’ म्हणून विकतात. तो प्राचीन वगैरे काही नाही, पर्यटकांबरोबर अलीकडेच आलाय. नातवंडांना आवडेल एवढं खरं.

साताऱ्याहून एका आजीनं नातवाचा प्रश्न पाठवलाय : “किल्ल्याच्या खंदकात पाणी असायचं सोडून अस्वलं का?”

कारण रोझेनबर्गांना मोठेपणा हवा होता! इटलीत ओर्सिनी नावाचं फार जुनं, नामांकित घराणं होतं. आपण त्यांचेच भाऊबंद आहोत असं रोझेनबर्ग सांगू लागले. इटालियनमध्ये अस्वलाला ओर्सो म्हणतात, म्हणून पुरावा काय, तर दारात अस्वलं पाळली. नातं खोटं होतं, अस्वलं मात्र खरी. रोझेनबर्ग गेले, पुढच्या मालकांनी अस्वलं ठेवली आणि आजही ती तिथेच आहेत. नाताळात गावातली मुलं त्यांच्यासाठी खाऊ घेऊन येतात. नातवाला हेही सांगा की मला दिसलं ते अस्वल पूर्ण अर्धा तास पाठ करून झोपलं होतं.

कोल्हापूरचे एक वाचक : “आमच्याकडे पंचगंगेनं 2019 ला आणि 2021 ला काय केलं ते तुम्ही जाणता. नदीच्या मिठीत बसलेल्या त्या गावाचं पुरात काय होतं?”

होतं तेच, जे तुमच्याकडे होतं. 2002च्या ऑगस्टमध्ये आठवडाभराच्या अंतरानं दोनदा पूर आला. दुसरा मोठा. तोच पुढे प्रागमध्ये शिरला आणि तिथली भुयारी रेल्वे बुडाली. वर लिप्नोचं मोठं धरण आहे, 1950च्या दशकातलं, पण तोवर ते भरत आलेलं होतं. धरण आहे म्हणून पूर येणार नाही या समजुतीचं काय होतं ते कोल्हापूर-सांगलीकरांना मी काय सांगणार?

आम्ही 2022 मध्ये नदीकडेच्या एका छोट्या घरगुती लॉजमध्ये उतरलो होतो. मालकीणबाई सत्तरीच्या, मुलीच्या मदतीनं आमच्या गप्पा चालायच्या. त्यांनी जिन्याखाली नेऊन भिंतीवरची एक खूण दाखवली, माझ्या छातीला लागणारी. पुरानंतर काय केलं असं विचारलं तर म्हणाल्या, पहिलं म्हणजे तळघरातलं पाणी एकदम उपसलं नाही. हळूहळू उपसलं, कारण बाहेरची माती अजून पाण्यानं जड होती, आत एकदम मोकळं केलं तर भिंत आत येते. मग खुणेच्या हातभर वरपर्यंत गिलावा काढून टाकला आणि हिवाळाभर खिडक्या उघड्या ठेवल्या. थंडीनं कुडकुडलो, म्हणाल्या, पण नवा गिलावा वसंतातच केला. ज्या शेजाऱ्यांनी घाई केली त्यांच्या भिंती दोन वर्षांत पुन्हा फुगल्या.

दगडी आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरं असतील तर हे तीन मुद्दे कोल्हापुरातही तसेच लागू आहेत. पाणी ओसरल्यावर आठ दिवसांत रंग काढून ‘घर नीट झालं’ असं म्हणणाऱ्या कंत्राटदाराला दारातूनच नमस्कार करा.

पुण्याच्या एक वाचक भगिनी, जरा रागानं : “आम्ही गेल्या उन्हाळ्यात तिथे होतो. सुंदर आहे, पण तिथे माणसं राहतात का? आम्हाला नुसती हॉटेलं आणि दुकानं दिसली.”

राग रास्त आहे. आमच्या मालकीणबाईसुद्धा त्या घरात राहत नाहीत. त्या वर टेकडीवरच्या सिमेंटच्या इमारतीत राहतात, सकाळी खाली येतात, नाश्ता लावतात, संध्याकाळी वर जातात. का, असं विचारल्यावर त्यांनी बोटांवर कारणं मोजली : खाली किराणा नाही, चप्पल शिवणारा नाही, गाडी दारात आणता येत नाही आणि खिडकीतून लोक फोटो काढतात. शेवटची गोष्ट सांगताना त्या खरोखरच चिडल्या होत्या.

गावाला हे कळत नाही असं नाही. 2019 पासून पर्यटक बसगाड्यांना आधी नोंदणी आणि शुल्क लावलंय. त्याच्या आदल्या वर्षी कातेर्झिना शेडा या चेक कलावतीनं एक गंमत केली, गंमत म्हणायची की काय तेच कळत नाही. तिनं काही कुटुंबांना पगार देऊन जुन्या गावात राहायला बोलावलं. त्यांचं काम एवढंच, की नेहमीसारखं राहायचं. कपडे वाळत घालायचे, मुलांना खेळू द्यायचं, रस्त्यात ओळखीच्याला हाक मारायची. व्हेनिसच्या स्थापत्य प्रदर्शनात चेक दालनात हेच मांडलं होतं. पर्यटक त्यांचेही फोटो काढत होते म्हणे!

आणखी एक सांगतो. एगोन शीले हा व्हिएन्नाचा चित्रकार 1911 मध्ये इथे राहायला आला होता. त्याची आई इथलीच. लग्न न करता बाईबरोबर राहतो, नग्न चित्रं काढतो म्हणून गावकऱ्यांनी काही महिन्यांत त्याला निघायला भाग पाडलं. त्यानं या गावाची चित्रं काढली ती वरून पाहिलेली, काळ्या नदीत अडकलेल्या घरांच्या दाटीची, आणि त्यांना नाव दिलं ‘मृत शहर’. तेव्हा गाव माणसांनी भरलेलं होतं. आज त्याच्या नावाचं कलाकेंद्र जुन्या बिअरच्या भट्टीच्या इमारतीत आहे आणि गावाला त्याचा अभिमान आहे.

तुम्ही पुन्हा गेलात तर नदीपलीकडे, किल्ल्याच्या मागच्या अंगाला चालत जा. तिथे मला वाळत घातलेल्या चादरी दिसल्या आणि एका दारात गाजरांची पिशवी. पैसे कुणी दिले नसावेत.

शेवटी ठाण्याच्या एका चोखंदळ वाचकांचं पत्र : “गेल्या अंकात तुम्ही ‘लाकडी पूल’ म्हणालात आणि फोटोत दगडी कमानींचा उंचच उंच पूल आहे. नेमकं काय?”

माझी चूक, तीही आळशीपणाची. पूल दोन आहेत आणि मी एका वाक्यात दोन्ही कोंबले. नदीवरचा, लात्रान पेठेतून चौकाकडे नेणारा तो लाजेब्नित्स्की पूल, म्हणजे न्हाव्याचा पूल. तो लाकडी, त्यावर संत यान नेपोमुकचा पुतळा. फोटोतला तो प्लाश्तोव्ही पूल, किल्ल्याच्या दोन कड्यांना जोडणारा. खाली कमानींवर कमानी आणि वर बंद गलियारे. त्यातल्या मधल्या मजल्यावरून मुखवट्यांच्या दालनातून थेट नाट्यगृहात जाता येतं आणि वरच्यावरून बागेत, म्हणजे धनीमंडळींना रस्त्यावर पाय ठेवायची गरजच नव्हती. तोही आधी लाकडीच होता, दगडी झाला तो 1777 मध्ये. पुढच्या महिन्यात बारवा.